तयार घर येईल, पण जमिनीच्या कागदाचे काय?

देवपूरमध्ये पहिले घर शोधणाऱ्या कुटुंबांच्या कानावर सध्या एक नवा पर्याय येतो आहे. भिंती, छप्पर, दारे-खिडक्या कारखान्यात तयार होतात. ट्रकमधून प्लॉटवर येतात, आधीच बांधून ठेवलेल्या जोत्यावर बोल्टने जोडल्या जातात आणि काही आठवड्यांत घर उभे राहते. मिस्त्रीच्या मागे वर्षभर फिरणे नाही, वाळूची वाट पाहणे नाही, सेंट्रिंगचे भाडे नाही. याला प्रीफॅब घर म्हणतात. आपण साधे ‘तयार घर’ म्हणू. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा रिक्षाचालक, लूमवरचा कामगार, खासगी शाळेतली शिक्षिका, छोटा दुकानदार या सगळ्यांचा प्रश्न एकच आहे. हे आपल्याला परवडेल का?

परवडू शकते, असे आमचे मत आहे. पण ज्याच्या पायाखालची जमीन कागदोपत्री त्याची आहे, त्यालाच. आपल्या वस्त्यांमध्ये खरी अडचण नेमकी तिथेच आहे. भिंत स्वस्त कशी करायची यावर देशात बरेच संशोधन झाले आहे. त्या भिंतीखालच्या जमिनीचा कागद पक्का कसा करायचा, हे मात्र प्रत्येक कुटुंबावर सोडून दिले गेले आहे.

धुळे शहर कसे वसले

हा क्रम आपल्याच शहराच्या इतिहासात सापडतो. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज याने धुळ्याला जिल्ह्याचे मुख्य ठिकाण केले. जुन्या गॅझेटियरनुसार तेव्हा धुळ्यात ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. नवे शहर वसवायचे होते, म्हणून व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना बोलावले गेले. त्यांना घर बांधण्यासाठी जागा दिल्या त्या कायमच्या आणि बिनभाड्याच्या. त्यानंतर जुन्या रहिवाशांना आणि बाहेरून आलेल्यांना पक्की घरे बांधण्यासाठी उचल रक्कम दिली गेली.

कंपनी सरकारने हे दानधर्म म्हणून केले नाही. त्यांना महसूल हवा होता, बाजारपेठ हवी होती. पण क्रम बरोबर होता. आधी जमिनीची हमी, मग पैसा, मग भिंती. आज दोनशे वर्षांनंतर पांझरेच्या दोन्ही काठांवर हा क्रम उलटा झाला आहे. लोक आधी मिळेल त्या जागेवर भिंती उभ्या करतात, मग उसनवारीने पैसा जमवतात आणि जमिनीच्या कागदासाठी आयुष्यभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवतात.

तयार घरात चांगले काय, कच्चे काय

तयार घराकडे पत्र्याची शेड म्हणून पाहणे चूक आहे. त्याचे अनेक प्रकार आहेत. लोखंडी सांगाड्यावर पॅनेल बसवतात; पॅनेलच्या मध्ये फोम, थर्माकोल किंवा खनिज लोकर असते. काही ठिकाणी काँक्रीटच्या भिंती आणि स्लॅबचे तुकडे कारखान्यात ओतून आणतात. पक्क्या कारखान्यात मोजमाप नेमके असते, माल वाया जात नाही आणि पावसाळ्यात काम थांबत नाही. दरमहा भाडे भरणाऱ्या कुटुंबासाठी सहा महिने लवकर घरात जाणे ही मोठी बचत आहे.

आपल्या हवामानाचाही विचार करावा लागेल. खानदेशचा उन्हाळा ज्याने पत्र्याखाली काढला आहे, त्याला उष्णतेबद्दल वेगळे सांगायला नको. आपल्या आजोबांच्या धाब्याच्या घरात जाड मातीच्या भिंती आणि मातीचे छत होते. दुपारी ते थंड राहायचे. पॅनेल जाड आणि चांगल्या भरावाचे असेल, तर तयार घरही पत्र्यापेक्षा कितीतरी थंड राहते. पातळ आणि स्वस्त पॅनेल घेतले, तर मे महिन्यात त्या घरात पाळण्यातले मूल झोपणार नाही. शिवाय काही प्रकारचे फोम आग लवकर पकडतात. दाट वस्तीत, जिथे अग्निशमन दलाची गाडी गल्लीच्या तोंडाशीच अडकते, तिथे ही गोष्ट दुय्यम नाही.

दुसरी अडचण आपल्या घर बांधण्याच्या पद्धतीत आहे. आपल्याकडे गरीब माणूस घर एका दमात बांधत नाही. पहिल्या वर्षी पाया आणि एक खोली, वर पत्रे. भिशी लागली की दुसरी खोली. मुलगा कमावता झाला की स्लॅब. त्याचे लग्न ठरले की वरचा मजला. हलक्या सांगाड्याच्या तयार घरावर असा मजला चढवता येत नाही. तशी सोय पहिल्याच दिवशी आराखड्यात मागून घ्यावी लागते. विक्रेता हे आपणहून सांगत नाही. घेणाऱ्याने विचारायला हवे.

देशाचा अनुभव

भारतात हा प्रयोग नवा नाही. फाळणीनंतर निर्वासितांसाठी झटपट घरे बनवायला केंद्र सरकारने दिल्लीत सरकारी घरबांधणी कारखाना काढला. भिंतींचे पॅनेल कच्चे निघाले आणि निर्वासितांची घरे त्या वेगाने झाली नाहीत. तोच कारखाना पुढे हिंदुस्थान प्रीफॅब लिमिटेड या नावाने ओळखला गेला.

अलीकडचा प्रयोग अधिक यशस्वी आहे. १ जानेवारी २०२१ रोजी इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरतळा आणि लखनौ या सहा शहरांत ‘लाइट हाउस’ प्रकल्पांची पायाभरणी झाली. प्रत्येक ठिकाणी सुमारे हजार घरे आणि प्रत्येक ठिकाणी वेगळे तंत्र. इंदूरला पॅनेलच्या भिंती, चेन्नईला काँक्रीटचे तयार भाग, रांचीला अख्ख्या खोल्याच कारखान्यात ओतून आणण्याची पद्धत. वर्षभरात घरे देण्याचे उद्दिष्ट होते. चेन्नईची घरे मे २०२२ मध्ये, राजकोटची ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि लखनौची मार्च २०२४ मध्ये लोकार्पित झाली. घरे झाली, हे महत्त्वाचेच. पण भिंत लवकर बनली म्हणून घर लवकर मिळतेच असे नाही, हेही त्यातून दिसले. या सहांत महाराष्ट्राचे एकही शहर नव्हते.

सरकारी मदत कुठे अडते

प्रधानमंत्री आवास योजना शहरी, दुसरा टप्पा, १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाला. देशात कुठेही स्वतःचे पक्के घर नसलेले कुटुंब त्यात पात्र ठरू शकते. वार्षिक उत्पन्नाच्या मर्यादा ३, ६ आणि ९ लाख रुपये अशा आहेत. ही योजना पहिले घर घेणाऱ्यांसाठीच आहे, म्हणून तिच्या वाटा नीट समजून घेऊ.

एक वाट गृहकर्जाच्या व्याजावरील अनुदानाची आहे. २५ लाखांपर्यंतच्या कर्जात पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याजसवलत मिळते आणि ती जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत जाते. आपल्यातली अनेक कुटुंबे व्याजाचे कर्ज घेत नाहीत. ती त्यांची श्रद्धा आहे आणि ती मोडा असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण मग ही वाट त्यांच्यासाठी बंद होते. ज्यांची कर्जाला हरकत नाही, त्यांनाही बँकेत सहज प्रवेश मिळत नाही. काही बँका विशिष्ट भागांना ‘नकारात्मक क्षेत्र’ ठरवून तिथे कर्ज देणे टाळतात, अशी नोंद सच्चर समितीने २००६ च्या अहवालात केली होती. ज्या शहराने २००८ आणि २०१३ ची दंगल पाहिली, तिथे घर घेणारा दराआधी शेजार पाहतो. तो ज्या भागाला सुरक्षित मानतो, त्याच भागाकडे बँक संशयाने पाहत असेल, तर त्याने जायचे कुठे?

दुसरी वाट स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधण्याची आहे. इथे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख रुपये मिळतात. कर्जाची सक्ती नाही, व्याज नाही. व्याज टाळणाऱ्या कुटुंबासाठी ही सर्वांत सरळ वाट आहे. पण तिची पहिली अट जागा स्वतःच्या नावावर असण्याची आहे. म्हणजे ज्याला बँकेची वाट बंद आहे, त्याच्यासाठी उरलेली वाट जमिनीच्या कागदातूनच जाते. आमचा सारा मुद्दा या एका ठिकाणी येऊन थांबतो.

आता हिशेब करू. योजनेतील घर किमान ३० चौरस मीटरचे, म्हणजे ३२३ चौरस फुटांचे. अडीच लाखांना ३२३ ने भागले तर चौरस फुटाला साधारण ७७४ रुपये मदत होते. तेवढ्यात पक्के घर होत नाही. उरलेला भार कुटुंबाचा. तयार घराने हा भार कमी होईल का? कारखान्यात बनलेल्या घरावर आज १८ टक्के जीएसटी लागतो. समजा सांगाडा आणि पॅनेल मिळून ५ लाखांचे झाले, तर कर ९० हजार रुपये. सिमेंट-लोखंडावरही कर असतो, हे खरे. पण गल्लीतल्या मिस्त्रीच्या मजुरीवर तो लागत नाही. कारखान्यात तीच मजुरी किमतीत मिसळून करपात्र होते. नव्या तंत्राला उत्तेजन म्हणून केंद्राने चौरस मीटरला एक हजार रुपये, म्हणजे ३० मीटरच्या घरामागे ३० हजार, असे अनुदान ठेवले आहे. ते मोठ्या भागीदारी प्रकल्पांना मिळते. स्वतःच्या प्लॉटवर तेच तंत्र वापरणाऱ्या कुटुंबाला मिळत नाही.

आणखी एक विसंगती आहे. सरकारी मदत टप्प्याटप्प्याने येते: पाया झाला की फोटो, छत झाले की फोटो, मग पुढचा हप्ता. तयार घराचा कारखाना मात्र माल पाठवण्याआधी बहुतेक रक्कम मागतो. हातात रोख नसलेले कुटुंब या दोघांच्या मधे अडकते.

जळगावचा धडा

कोणी म्हणेल, मग पालिकेनेच घरे बांधून द्यावीत. खानदेशाने तोही अनुभव घेतला आहे. जळगाव नगरपालिकेने नव्वदच्या दशकात हुडकोकडून कर्ज काढून गरिबांसाठी ११ हजारांहून अधिक घरकुले बांधायला घेतली. त्यातली फारच थोडी पूर्ण झाली. २००६ मध्ये गुन्हा दाखल झाला. पालिकेच्या मालकीची नसलेली जमीन आणि ठेकेदाराला दिलेली बिनव्याजी उचल हे त्यातले प्रमुख आरोप होते. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवले. त्याविरुद्धची अपिले उच्च न्यायालयात गेली. ती आपल्या मार्गाने चालतील.

गरिबांसाठी त्यातला धडा वेगळा आहे. ती घरकुले विटांची होती म्हणून रखडली नाहीत. उद्या तीच कारखान्यातल्या पॅनेलची असती, तरी जमिनीचा आणि हिशेबाचा प्रश्न तसाच राहिला असता.

घर आपले, जमीन दुसऱ्याची

अमेरिकेत कारखान्यात बनलेल्या घरांत सुमारे २ कोटी लोक राहतात. १९७६ पासून त्यांच्या दर्जाचा राष्ट्रीय नियम आहे. पहिले घर घेणाऱ्या कष्टकऱ्यांसाठी तो तिथला सर्वांत स्वस्त पर्याय आहे. पण त्यातली बरीच कुटुंबे घराची मालक आहेत आणि जमिनीची भाडेकरू. अलीकडे मोठ्या गुंतवणूकदारांनी या वसाहतींच्या जमिनी विकत घेऊन भाडे वाढवायला सुरुवात केली. घर हलवायचे म्हटले तर खर्च परवडत नाही. न हलवावे तर भाडे परवडत नाही. काही वसाहतींत रहिवाशांनी सहकारी संस्था काढून जमीनच विकत घेतली आणि ते वाचले. जमीन हातात नसेल तर स्वस्त घरही बेड्या घालते, हे त्या श्रीमंत देशातही दिसले.

आपल्या हातात काय आहे

सरकारवर टीका करणे सोपे आहे आणि गरजेचेही. पण काही गाठी आपणच मारलेल्या आहेत.

पहिली गाठ नोटरीच्या कागदाची. शंभर किंवा पाचशे रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतलेला प्लॉट कायद्याने आपला होत नाही. घरपट्टीची पावती आणि विजेचे बिल तिथे राहत असल्याचे सांगतात. मालकी सिद्ध करत नाहीत. नोंदणीकृत खरेदीखत, सातबारा किंवा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नाव आणि बिनशेती आदेश हे तीन कागद पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. प्लॉट दाखवणारा आपल्याच मशिदीत नमाज पढतो, हा कागदाला पर्याय नाही.

दुसरी गाठ वारसनोंदीची. मोहल्ल्यातली कित्येक घरे आजही आजोबांच्या नावावर आहेत. तीन भाऊ, चार बहिणी, त्यांची मुले. नोंद कोणाचीच नाही. अशा घरावर योजना मिळत नाही, परवानगी मिळत नाही, विकूनही टाकता येत नाही. नोंद का होत नाही? बहुतेक वेळा बहिणींचा हिस्सा लिहावा लागेल म्हणून. मुलीचा वाटा कुरआनने ठरवून दिला आहे, यावर आपण व्यासपीठावर अभिमानाने बोलतो. तलाठ्यासमोर मात्र गप्प बसतो. बहिणीचा हक्क द्या, नोंद करा. त्यातून भावाच्या घराचाही मार्ग मोकळा होईल.

तिसरी गोष्ट घर स्त्रीच्या नावावर करण्याची. योजनेत महिलेच्या नावाला किंवा संयुक्त नावाला प्राधान्य आहे आणि महाराष्ट्रात महिलेने घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. घर तिच्या नावावर असेल तर तलाकनंतर किंवा वैधव्यात ती रस्त्यावर येत नाही.

चौथी गोष्ट खरेदीची. तयार घर घ्यायचेच असेल तर विक्रेत्याला लेखी विचारा. या तंत्राला केंद्राच्या बीएमटीपीसी या संस्थेचे प्रमाणपत्र आहे का? पॅनेलची जाडी किती आणि आत कोणता भराव आहे? आग किती वेळ सोसेल? वर मजला चढेल का? वादळात सांगाडा जोत्याला कसा धरून राहील? जोते कोण बांधणार, नळ आणि गटाराची जोडणी किमतीत आहे का? दहा वर्षांनी पॅनेल खराब झाले तर सुटे मिळेल का? उत्तर तोंडी मिळाले तर व्यवहार करू नका.

पालिकेकडे आणि सरकारकडे मागणी

गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा राज्यात २००१ पासून आहे. २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली गेली. २०२५ मध्ये सरकारने शहरी भागातील गुंठाभर जमिनींसाठी तुकडेबंदी शिथिल करण्याचे पाऊलही उचलले. कागदावर दरवाजे उघडत आहेत. पण शुल्क किती, अर्ज कुठे, नकाशा कोण काढणार, हे सामान्य माणसाला कळत नाही. म्हणून आमची पहिली मागणी आहे की धुळे महानगरपालिकेने पांझरेच्या दोन्ही काठांवर प्रभागनिहाय शिबिरे घ्यावीत. तिथे भूमापक, नगररचना विभाग आणि दुय्यम निबंधक कार्यालय एकाच मांडवाखाली बसावे.

दुसरी मागणी नकाशांची. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांवरील बांधकामाची परवानगी सोपी केली आहे. पालिकेने अशा प्लॉटसाठी तयार घरांचे चार-पाच आराखडे आधीच तपासून ठेवावेत. पुढे मजला चढेल अशी त्यांत सोय असावी. घेणाऱ्याला वास्तुविशारदाचा वेगळा खर्च पडू नये.

तिसरी मागणी केंद्राकडे. तंत्रज्ञानाचे ३० हजारांचे अनुदान स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यालाही द्या. योजनेतल्या लाभार्थ्याच्या तयार घरावरचा जीएसटी कमी करा आणि हप्ते कारखान्याच्या व्यवहाराशी जुळतील असे बदला.

चौथी मागणी रोजगाराची. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. अवधानला औद्योगिक वसाहत आहे. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राची राख विटा आणि ब्लॉक बनवायला वापरता येते. मिस्त्रीकाम, वेल्डिंग आणि फॅब्रिकेशन जाणणारे हात आपल्या गल्लीगल्लीत आहेत. पॅनेल पुण्या-गुजरातहून मागवून इथे फक्त जोडायचे, असे झाले तर आपल्या मिस्त्रीची रोजी जाईल. ते इथेच बनले तर त्याच हातांना काम मिळेल. तरुणांसाठीच्या कौशल्य प्रशिक्षणात हा विषय आजच घालायला हवा.

तयार घर हे चांगले अवजार आहे आणि आपण त्याचे स्वागत करतो. पण अवजार चालवायला पाय ठेवायला जागा लागते. दोनशे वर्षांपूर्वी परकीय सत्तेला हे कळले होते; लोकांनी निवडलेल्या पालिकेला आणि सरकारला ते कळायला हरकत नसावी. आपल्या बाजूने सुरुवात मात्र याच आठवड्यात करता येईल. घरातली कागदांची पेटी उघडा, उताऱ्यावर कोणाचे नाव आहे ते पाहा आणि बहिणींना बोलावून वारसनोंदीचा अर्ज लिहायला बसा.